डंभारेजींची पावलं

डंभारेजींच्या सदऱ्याला दोन खिसे होते. सकाळी कामावर येताना उजव्या खिशात मूठभर ज्वारी असायची आणि डावा खिसा रिकामा. दिवसभरात दर शंभर पावलांमागे एक दाणा उजवीकडून डावीकडे जायचा. संध्याकाळी फाटकाबाहेर आले की ते डाव्या खिशातले दाणे मोजत, एका लांबट वहीत आकडा लिहीत, दाणे कडुलिंबाखाली चिमण्यांपुढे टाकत आणि सायकलवर टांग मारून पिपरीची वाट धरत. ऊन असो, पाऊस असो, यात कधी खंड पडला नाही.

नव्या माणसाला हे वेड वाटायचं. मलाही वाटलं. आणीबाणी उठली त्या वर्षी मी वर्ध्याच्या एका सहकारी संघात कारकून म्हणून लागलो आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या स्टुलापाशी जाऊन विचारलं, की पावलं मोजून मिळतं काय? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्या टेबलापासून त्यांच्या स्टुलापर्यंत बावीस पावलं होतात, हे त्यांना पाठ होतं.

"बावीस येयाचे, बावीस जायाचे," ते म्हणाले. "चव्वेचाळीस पावलं खर्च केली ना बाबू तुमी, एवढुशा गोष्टीसाठी. इकडं येणारच होते तं ते मागणीचे कागद तरी घेऊन याचे."

मी परत गेलो, कागद घेतले आणि पुन्हा आलो. आणखी चव्वेचाळीस पावलं खर्च झाल्याचं त्यांनी मान हलवून नोंदवलं. लोक जसे पाणी जपून वापरतात, तूप जपून वाढतात, तसे डंभारेजी पाऊल जपून टाकत. आणि दुसऱ्यांनीही तसंच करावं असा त्यांचा हट्ट होता. टपरीवर चहा आणायला गेलेल्या शिपायाने साखर विसरून परत फेरी मारली, तर त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू शिपायाने कप फोडला.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर म्हणत, सप्तपदीत माणूस सात पावलं चालतो आणि कुठीच पोचत नाही, असला व्यवहार आपल्याला झेपणार नाही. लोक हसत आणि विषय तिथेच संपे. ते स्वतः मात्र हसत नसत. पिपरीला त्यांची एक खोली होती. तिथे खाटेवर बसल्या बसल्या हात लांब केला की स्टोव्ह, पाण्याचा माठ, रेडिओ आणि खुंटीवरचा टॉवेल, सगळं हाताला लागायचं. एका माणसाच्या संसाराला इतकी आखीव जागा मी दुसरीकडे पाहिली नाही.

एक प्रश्न मात्र मला तेव्हाच पडायला हवा होता. डंभारेजी गोदामाचे प्रमुख. दिवसभर ते दाराजवळच्या स्टुलावर बसून असत, डोळे अर्धे मिटलेले. मग त्यांच्या खिशातले दाणे हलत कसे होते? पण मी पडलो बाबू माणूस. कागदावर नसलेला प्रश्न मला सहसा पडत नाही.

आता गोदामाबद्दल सांगतो. आमचा संघ इंजिन आणि पंपांचे सुटे भाग विकायचा. सेलू, देवळी, हिंगणघाट, आर्वी अशी जिल्हाभर मिळून चौदा दुकानं होती. प्रत्येक दुकानाची रोज एक चिठ्ठी यायची. फूटव्हॉल्व इतके, गॅसकेट इतके, वॉशर इतके, पट्टा इतका. चिठ्ठीप्रमाणे माल काढून, बांधून तीनच्या टेम्पोत चढवायचा. हंगामात इंजिन बंद पडलं की शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसून राहतो, पिकाचं पाणी तुटलेलं असतं, म्हणून टेम्पो चुकवून चालायचं नाही. गोदाम जुन्या काळचं, कापसाच्या गाठी ठेवायला बांधलेलं. इतकं लांब, की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस कोण ते ओळखू येत नसे.

माल काढायचे गोमाजी. एक चिठ्ठी घ्यायची, खांद्यावर पोतं टाकायचं, सगळ्या रॅकांमधून फिरून माल गोळा करायचा आणि परत यायचं. मग दुसरी चिठ्ठी, पुन्हा सगळं गोदाम. अशा चौदा फेऱ्या. गोमाजींना लिहिता-वाचता थोडंच येई, पण कोणता नट कोणत्या खणात आहे हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. अडचण होती ती पायाची. त्यांचा डावा पाय हत्तीपाय होता. आमच्याकडे हा आजार नवा नाही, गल्लीत एखादा माणूस असतोच. तरुणपणी सुरू झालेली सूज वर्षावर्षाला वाढत गेली होती. उजवा पाय टप् वाजायचा आणि डावा मागून घासत यायचा. डोळे मिटले तरी गोमाजी गोदामात कुठवर पोचले ते कळायचं.

तशात आमच्याकडे नवे मॅनेजर साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नागपूरला मोठ्या ठिकाणी काम केलेलं, नव्या गोष्टींची हौस, आणि टेम्पो उशिरा सुटतो याचं खरंच वाईट वाटणारं. त्यांनी ठरवलं, की माल काढायच्या कामाला काहीतरी यंत्र पाहिजे.

पहिल्यांदा भोंगा आला. मी कचेरीत बसून माइकवर चिठ्ठी वाचायची, गोमाजींनी गोदामात ऐकून माल काढायचा, म्हणजे हातात कागद धरायला नको. टिनाच्या छपराखाली माझा आवाज चारी भिंतींना धडकून असा परत यायचा, की मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. दोन दिवसांनी डंभारेजींनी निकाल दिला, की भोंगा मालाचं नाव सांगतो, माल घेऊन येत नाही. भोंगा पंधरा ऑगस्टसाठी ठेवून दिला.

मग आले बल्ब. नागपूरहून एक विक्रेता आला, टाय लावलेला. त्याने नमुना म्हणून दोन रॅकांवर रंगीत बल्ब लावले आणि कचेरीच्या टेबलावर बटणांची पेटी ठेवली. चिठ्ठी वाचून बटण दाबलं की ज्या खणातला माल काढायचा त्या खणावरचा बल्ब पेटायचा. माल काढला की खालचं बटण दाबून बल्ब बंद करायचा. ते पाहून आम्ही सगळे हरखून गेलो. मी तर तीन वेळा उगीचच बटण दाबून पाहिलं. साहेब म्हणाले, आता माल कुठे आहे हे पाठ असण्याची गरज नाही, कोणीही माणूस पहिल्या दिवसापासून काम करू शकेल.

त्या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळला. गोमाजी दाराशी उभे होते, त्यांनाही कळला. बल्ब आले की दोन धडधाकट गडी ठेवायचे, आणि गोमाजी रोजंदारीवर होते, त्यांना कामावरून कमी करायचं, असं साहेबांनी संचालकांना लिहून दिलेलं होतं. तो कागद मीच टाईप केला होता. गोमाजींचा मुलगा वेगळा राहायचा आणि बायकोला दिसत नव्हतं. दुसरीकडे त्यांना कोण कामावर ठेवणार होतं?

डंभारेजी स्टुलावरून उठले. त्यांनी बल्बांकडे पाहिलं, बटणांच्या पेटीकडे पाहिलं आणि विक्रेत्याला विचारलं, "हा दिवा सांगते का कुठी जा लागते?" विक्रेता हो म्हणाला. "पण जा तं लागतेच ना?"

विक्रेत्याला प्रश्न कळला नाही. साहेबांना थोडा कळला असावा, कारण त्यांनी पेटीवरचा हात काढून घेतला. मग डंभारेजींनी त्यांना हात जोडून सांगितलं, की माल शोधण्यात वेळ जातच नाही, चालण्यात जातो. दिवसाच्या पावलांपैकी निम्म्याहून जास्त पावलं रिकाम्या हाताने पडतात. त्याला दिवा काय करणार? मला पंधरा दिवस द्या, मी यापेक्षा बरं काहीतरी दाखवतो, मग दोन्ही पाहून ठरवा. साहेबांनी पंधरा दिवस दिले. मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

बाहेर आल्यावर मी डंभारेजींना म्हटलं, गोमाजींसाठी चांगलं भांडलात. ते एकदम तडकले.

"मले गोमाशी काई घेणं नाई," ते म्हणाले. "मले पावलाशी घेणं हाय. उगीच मनचं जोडू नका बाबू."

दहा दिवस गेले आणि त्यांना काहीच सुचलं नाही. स्टुलावर बसत, डोळे मिटत, आणि दाणे हलत राहत. अकराव्या दिवशी आमच्या शिपायाच्या मुलीचं सेलूला लग्न होतं. आम्ही सगळे गेलो. डंभारेजी आणि मी शेजारी शेजारी पंगतीला बसलो. समोर पळसाच्या पत्रावळी, रांगेत चाळीस-पन्नास माणसं. एक जण मीठ वाढत गेला. मागून दुसरा वांग्याची भाजी घेऊन, तिसरा पुऱ्यांचं टोपलं घेऊन, चौथा वरणाची बादली घेऊन. मी बुंदीची वाट पाहत होतो. डंभारेजी वाढप्यांचे पाय पाहत होते.

आणि ते ताडकन उठले. पंगत वाढलेली, अजून कोणी घासही घेतलेला नाही, आणि हा माणूस भरल्या पत्रावळीवरून उठला. मुलीकडच्या म्हाताऱ्या बायका हळहळल्या. वधूपिता धावत आला, काय चुकलं म्हणून हात जोडू लागला. डंभारेजींनी त्याला मिठीच मारली.

"काई चुकलं नाई गा. तुह्या पंगतीनं काम केलं," ते म्हणाले, आणि मला उपाशीच उठवून बसस्टँडवर घेऊन आले. ती बुंदी मी अजून विसरलेलो नाही.

बसमध्ये त्यांनी मला समजावलं. पंगतीत एकेका पाहुण्याचं पान भरायला एक माणूस साऱ्या स्वयंपाकघरात फिरत नाही. वरणवाला एकदाच बादली भरतो आणि साऱ्या रांगेला वाढत जातो. आपण मात्र गोदामात उलटं करतो, एकेका दुकानासाठी सारं स्वयंपाकघर फिरतो. चौदा दुकानं म्हणजे चौदा पाहुणे. त्यांची पंगत मांडा, माल एकदाच काढून आणा आणि वाढा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून चौदा पत्रावळी आणल्या आणि गोदामाच्या दाराशी ओळीने मांडल्या. पहिली सेलूची, दुसरी देवळीची, अशा चौदा. मला कामाला लावलं. चौदा चिठ्ठ्यांवरून मी एक मोठा कागद करायचा, वॉशर सगळे मिळून किती, गॅसकेट सगळे मिळून किती, रॅक ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने. गोमाजींनी एकाच फेरीत तेवढा माल काढून आणायचा आणि मग पत्रावळींवर वाढत जायचं. खांद्यावर इतका माल कसा पेलणार, म्हणून सेलूच्या एका भाजीवाल्या माळ्याकडून जुनी हातगाडी आणवली. सुताराकडून तिची मूठ उंच करून घेतली. गाडीला इतकी उंच मूठ कशाला, हे मी तेव्हा विचारलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी बल्बांची पाळी होती. विक्रेत्याने रात्रंदिवस खपून सगळ्या रॅकांना बल्ब लावले होते. आता लाईट गेली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही गेली. बल्ब छान पेटले, साहेबांनी त्या दिवसापुरते आणलेले दोन गडी जवळजवळ धावत होते, चौदा चिठ्ठ्यांच्या चौदा फेऱ्या झाल्या. मी तपासलं, एक चूक नाही. साहेबांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली, अडीच तास. दोघांचे सदरे घामाने भिजले होते.

माल परत खणांत ठेवला आणि दुपारी त्याच चौदा चिठ्ठ्या गोमाजींनी घेतल्या. ते गाडीच्या मुठीवर भार देऊन निघाले. टप्, आणि मागून घासल्याचा आवाज, पण आज तो हलका होता. एका बाजूने गेले, दुसऱ्या बाजूने आले, गाडी भरलेली. मग वाढायला लागले. तेव्हा मी गोमाजींकडे पाहतच राहिलो. माणूस बदलून गेला होता. पाय दुखणारा म्हातारा गेला आणि वाढपी उभा राहिला. नंतर कळलं, की तरुणपणी पंचक्रोशीतल्या लग्नांत वाढायला त्यांना बोलावत. पाय सुजला तसं बोलावणं बंद झालं. किती वर्षांनी त्यांच्यापुढे पत्रावळींची रांग आली होती, कोण जाणे.

एकट्या माणसाने पावणेदोन तासांत काम संपवलं. साहेबांनी घड्याळ दोनदा पाहिलं. डंभारेजी डोळे मिटून बसले होते, पण त्यांच्या मिशा हलत होत्या. मग मी तपासायला बसलो. देवळीला सहा वॉशर पाहिजे होते, पत्रावळीवर सात होते. आर्वीला चार नट, पडले होते पाच. चौदापैकी नऊ पत्रावळींवर काही ना काही जास्त होतं. कमी कुठेच नव्हतं.

साहेबांनी गोमाजींना विचारलं, मोजता येत नाही का? गोमाजींनी मान खाली घातली.

"मोजता येते साहेब," ते म्हणाले. "पण हात थांबत नाई. चारच वाढले, पत्रावळ उघडी दिसे. एक आग्रहाचा पडला."

कोणी हसलं नाही. साहेब म्हणाले, हे चालणार नाही, दुकानांत असा माल गेला तर संघाचा हिशोबच राहणार नाही. त्यांचं बरोबर होतं, आणि तेच वाईट होतं. डंभारेजींनी फक्त उद्या सकाळपर्यंतची मुदत मागितली. गोमाजी घरी निघाले तेव्हा डंभारेजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला.

सकाळी आलो तर गोदामाच्या दाराशी जुन्या धोतरांचा, लुगड्यांचा ढीग. डंभारेजींनी पहाटेपासून पिपरीतली आणि रामनगरातली घरं पालथी घातली होती. ढिगापाशी बसून ते हातभर लांबीच्या चिंध्या फाडत होते. इंजिन पुसायला, हाताचं ग्रीस पुसायला चिंधी लागतेच. एका टोपल्यात चिंध्या भरून त्यांनी ते टोपलं गोमाजींच्या गाडीवर ठेवलं.

"गोमाभाऊ, लोखंड मोजून वाढाचं," त्यांनी सांगितलं. "आग्रह चिंधीचा कर. जेवढा मनात येईन तेवढा कर."

साहेब आधी चक्रावले आणि मग त्यांनी आठ दिवस पाहू म्हणून परवानगी दिली. आठ दिवस मी एकेक पत्रावळ तपासली. एक वॉशर जास्त नाही, एक नट कमी नाही, आणि प्रत्येक गठ्ठ्यात चिंध्या मात्र सढळ हाताने पडलेल्या. त्या देताना गोमाजींच्या तोंडून अगदी हळू "घ्या, घ्या" निघायचं, ते मी स्वतः ऐकलं आहे. पुढे पुढे दुकानांनाच सवय लागली. एकदा चिंध्या संपल्या तर देवळीच्या दुकानदाराने चिठ्ठीत तक्रार लिहिली, की माल पोचला पण या वेळी चिंधी नाही, काही नाराजी आहे काय?

टेम्पो वेळेवर सुटू लागला. संचालकांच्या बैठकीत साहेबांनी स्वतः उठून सांगितलं, की बल्ब नको, आणि गोमाजींना रोजंदारीवरून कायम करावं. विक्रेता बल्ब काढून घेऊन गेला. त्यातले चार गणपतीच्या आराशीसाठी आमच्याकडे राहिले, ते कसे राहिले ते मी विचारलं नाही.

गाडीची मूठ उंच का केली ते मला वर्षभराने सुताराकडून कळलं. डंभारेजींनी गोमाजींना काहीतरी खोटंच काम सांगून त्याच्या दुकानात पाठवलं होतं आणि सुताराने त्यांच्या नकळत त्यांच्या कोपराची उंची सुतळीने मोजून घेतली होती. ती गाडी मालासाठी नव्हतीच, ती टेकून चालायला होती. त्यानंतर एकदा ती लांबट वही स्टुलावर उघडी राहिली होती. मी वाचली, माझी चूक झाली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर "गो." असं लिहिलेलं होतं आणि खाली रोजचा आकडा. पत्रावळी आल्या त्या दिवसापासून तो आकडा धाडकन उतरला होता, आणि त्या ओळीखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. तेव्हा मला कळलं, की स्टुलावर डोळे मिटून बसलेला हा माणूस दिवसभर काय ऐकत होता. वही मिटून मी माझ्या जागेवर गेलो. बावीस पावलं.

गोमाजींनी त्यानंतर सहा-सात वर्षं काम केलं. मग पायाने साथ सोडली आणि ते घरी बसले. पुढच्याच वर्षी डंभारेजी निवृत्त झाले. मी मधूनमधून पिपरीला जात असे. पिपरीत तेव्हा प्लॉट पडत होते, जिकडेतिकडे विटांचे ढीग. एकदा संध्याकाळी गेलो तर ते खोलीला कडी लावून निघालेच होते. गोमाजींकडे चाललो, चलता का, म्हणाले. गोमाजी देवळीच्या रस्त्याला राहायचे, चांगलं दीड मैल अंतर. रोज जातो म्हणाले. सायकल भिंतीला टेकून उभी होती. तिला हात न लावता ते चालू लागले.

मला राहवलं नाही. सायकल असताना पायी? ते चालत राहिले. मग रस्त्याकडे पाहतच त्यांनी सांगितलं, की त्यांच्या आईचा पाय गोमाजींसारखाच होता. त्यांचं गाव बोर नदीच्या काठचं. बापाचा पत्ता नव्हता, आई नदीवरून पाणी आणून लोकांच्या घरी भरायची.

"मी तिच्या मांगं जाओ, लहान होतो," ते म्हणाले. "घागर मले पेलत नव्हती. म्हून पावलं मोजो. रात्री तिले सांगो, माय, आज इतकी झाली. माय हासे. दुसरं काई करता येत नव्हतं ना बाबू मले."

मी त्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं. दोन्ही खिसे सपाट होते. इथून गोमाजींचं घर किती पावलांवर आहे, असं मी विचारलं.

"इकडची नाई मोजत," डंभारेजी म्हणाले.

गोमाजी ओसरीत खाटेवर बसले होते, पाय उशीवर ठेवलेला. आम्ही अंगणात यायच्या आधीच त्यांनी आवाज दिला, आज दोघं जण आले का म्हणून. बायको आत चाचपडत काही करत होती. डंभारेजींनी तिला बसवलं आणि स्वतः आत गेले. आतून गोमाजींसाठी पाण्याचा लोटा घेऊन आले. पुन्हा आत गेले आणि माझ्यासाठी लोटा घेऊन आले. पुन्हा गेले आणि गुळाचा खडा आणला. लोटे दोन होते, हात दोन होते, गूळ खिशात मावला असता. ज्या माणसाने एका फेरीत चौदा दुकानांचा माल काढायला शिकवलं, तो तीन फेऱ्या मारून आला होता.

गोमाजी हसत होते. "डंभारेजी, एकाच फेरीत झालं असतं ना," ते म्हणाले.

"होऊ दे," डंभारेजींनी गूळ त्यांच्या हातावर ठेवला. "माहे पाय खर्च होऊन राह्यले, गोमाभाऊ. तुह्ये नाई." आणि चुन्याची डबी आणायला ते चौथ्यांदा आत गेले.